‘सॉकेट तोच, मग बोर्ड कशाला बदलता?’ ही थाप आता पुरे

“विंडोज १० बंद झालं तरी घाबरू नका. बोर्ड ११५१ सॉकेटचा आहे ना? मग आठव्या पिढीचा जुना प्रोसेसर बसवा, विंडोज ११ चालू! चिपसेट वगैरे दुकानदारांची पैसे उकळायची थेरं.” हा मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. (बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सॉकेट म्हणजे त्यावर प्रोसेसर बसतो ती जागा, आणि चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप.) दहिसरला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत तो पोचला. तिने लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचा आठव्या पिढीचा सेकंडहँड आय५-८४०० प्रोसेसर आणला, आपल्या जुन्या एच११० चिपसेटच्या बोर्डावर बसवून घेतला. आता पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. विकणारा माल परत घेत नाही, आणि प्रोसेसरमध्ये खोटही नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्याचं काय गेलं?

११५१ हा आकडा सॉकेटमध्ये पिना किती एवढंच सांगतो. कुठली पिन कशासाठी, ते सांगत नाही. एच११०, बी१५०, झेड१७०, बी२५०, झेड२७० हे सहाव्या-सातव्या पिढीचे चिपसेट. आठव्या पिढीसाठी इंटेलने २०१७ मध्ये झेड३७० आणि पुढच्या वर्षी एच३१०, बी३६० काढले. सॉकेट दिसायला डिट्टो, खाचाही त्याच जागी, त्यामुळे प्रोसेसर अलगद बसतो. इथेच घोडं पेंड खातं. इंटेलच्याच डेटाशीटमध्ये दोन्हींच्या पिनांचा हिशेब आहे: आधी प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या पिना १२८ होत्या, आठव्या पिढीत १४६ झाल्या, ग्राउंडच्या ३७७ वरून ३९१ वर गेल्या, राखीव ४६ होत्या, त्या २५ उरल्या. म्हणजे मोकळ्या ठेवलेल्या पिना कमी करून वीज आणि ग्राउंडच्या पिना वाढवल्या. आय५-८४०० मध्ये सहा कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत, आणि एच११० वर अधिकृतपणे चालणाऱ्या कुठल्याही प्रोसेसरमध्ये चारच्या वर नाहीत. शिवाय त्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, आठव्या पिढीचा मायक्रोकोडच (त्या प्रोसेसरसाठी लागणारा छोटा कोड) नाही. समोर कोण बसलंय हे बोर्डाला कळत नाही, मग डिस्प्ले कुठून येणार?

हो, काही हौशी लोकांनी बायोस फोडून, प्रोसेसरच्या खालच्या ठरावीक पॅडवर (पिनांना टेकणाऱ्या ठिपक्यांवर) टेप लावून जुन्या बोर्डांवर आठवी पिढी चालवून दाखवली आहे. तेवढं खरं. पण ते करणारे बोर्ड मेला तर मेला या तयारीने बसतात. ज्या मशीनवर रोजची बिलं निघतात, तिथे हा खेळ नको.

मेसेजचं शेपूट तर याहून घातक: “डिस्प्ले आला नाही तर त्याच चिपसेटच्या कुठल्याही बोर्डाचं बायोस टाका.” कृपा करून हे करू नका! चिपसेट एक असला तरी प्रत्येक मॉडेलची वीज-रचना, पोर्ट आणि जोडण्या वेगळ्या असतात, आणि बायोस त्या मॉडेलपुरतंच लिहिलेलं असतं. चुकीची फाईल गेली की चालता बोर्ड मरतो. मग बायोसची चिप प्रोग्रामर नावाच्या यंत्रावर लावून पुन्हा लिहून घ्यावी लागते, तेही ते काम करणारा सापडला तर. आणि फाईल योग्य असली तरी अपडेट चालू असताना लाईट गेली तर हीच गत, म्हणून यूपीएसशिवाय त्याला हात लावू नये.

“एएमडी कंपनीचे नवे रायझन प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालतातच की” हा दाखला अर्धा खरा आहे. २०१८ च्या बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. पण एएमडीनेसुद्धा २०२० मध्ये आधी नकार दिला होता, ओरड झाल्यावर तो बदलला. आणि त्याच एएम४ सॉकेटच्या बी५५० वर पहिल्या पिढीच्या रायझनला अधिकृत आधार नाही.

“रॅम कुठलीही चालते” यावर वेळ घालवत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन प्रकारांची खाचच वेगळी असते.

काही दुकानदार गरज नसताना नवा बोर्ड गळ्यात मारतात, हे नाकारत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. कॅबिनेट उघडा, बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन टिपून घ्या, आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची प्रोसेसर यादी पाहा. प्रोसेसरच्या नावासमोर किमान कुठलं बायोस लागतं तेही तिथे असतं. यादीत नाव नसेल तर विकत घेऊ नका. ज्यांच्याकडे आठव्या पिढीचा प्रोसेसर येऊन पडलाच आहे त्यांनी एच३१० किंवा बी३६० चा जुना बोर्ड शोधावा. आधीची रॅम डीडीआर४ असेल तर तीही त्यावर चालते. आणि घाई कसली? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरूनच नोंदणी होते.