घरशाळा आणि परतीचे दोर

पालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: होमस्कूलिंग, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं, भारतात बेकायदा आहे, पालकांना शिक्षा होऊ शकते, अशा मुलाला दहावीचं प्रमाणपत्र मिळत नाही, एकदा शाळा सोडली की परतीचे दोर कापले जातात, मुलं एकलकोंडी होतात आणि मदतीला कुणीही नसतं. यात थोडं खरं आहे, म्हणूनच बाकीचं खोटं खपून जातं.

‘बेकायदा आहे, शिक्षा होते.’ शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १० पालकांना सांगतं की ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे तुमचं कर्तव्य आहे. म्हणजे ‘कायद्याने परवानगी दिली आहे’ असं छातीठोकपणे सांगणारेही चुकतातच. पण हे कर्तव्य न पाळल्याबद्दल पालकांना दंड किंवा तुरुंगवास देणारी तरतूद या कायद्यात नाही. दंड आहे तो कलम १८ खाली, मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला: एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. खरा धोका इथे आहे. पाच-सहा कुटुंबं एकत्र येतात, खोली भाड्याने घेतात, शिक्षक नेमतात, फी ठरवतात, दारावर पाटी लावतात. त्या दिवसापासून त्यांची घरशाळा विनापरवाना शाळेच्या व्याख्येत बसू शकते. आठवड्यातून दोनदा एकमेकांच्या घरी जमणं वेगळं आणि रोज दहा ते चार वर्ग भरवणं वेगळं.

‘दहावी देता येत नाही.’ हे साफ खोटं. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासून आहे आणि ती केंद्र सरकारचीच आहे. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. आठवीचा दाखला नसेल तर अभ्यासक्रम झेपेल एवढं शिकलो आहोत असं स्वयंघोषणापत्र चालतं. विषय किमान पाच, त्यांत एक तरी भाषा. नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं.

एनआयओएसमध्ये घोळ होतो तो इतरत्र. एप्रिल-मेच्या परीक्षेची नोंदणी आदल्या वर्षीच होते. मार्चमध्ये जाग आली तर थेट ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रवेश शुल्क भरलं म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला असं नाही, त्याच्या तारखा आणि शुल्क वेगळं. असाइनमेंटला, म्हणजे घरून लिहून द्यायच्या कामाला, २० टक्के गुण असतात, ती राहून जाते. विज्ञानाप्रमाणे गणितालाही प्रात्यक्षिक आहे, हे काहींना हॉल तिकीट हातात आल्यावर कळतं. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. आणि सोपे म्हणून चित्रकला, गृहविज्ञान असे विषय घेऊन गणित गाळलं की अकरावी सायन्सच्या वेळी कपाळाला हात. नावाचं स्पेलिंग जन्मदाखला आणि आधारवर एकच आहे का, ते नोंदणीआधी पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापलं जाईल तेच पुढे पासपोर्टपर्यंत सोबत येतं.

राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७, म्हणजे बाहेरून दहावी देणाऱ्यांचा अर्ज, हा दुसरा रस्ता. पण त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि किमान पाचवी पास लागते. जो मुलगा कधी शाळेत गेलाच नाही त्याला हा रस्ता नाही. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येते. भौतिकशास्त्रासारख्या विषयांत प्रयोगशाळेऐवजी प्रयोगांवर आधारित लेखी पेपरचा पर्यायही आहे, मात्र खर्च कितीतरी पट.

‘परतीचे दोर कापले जातात.’ आठवीपर्यंत तरी नाही. शिक्षणहक्क कायद्याचं कलम ४ म्हणतं, मधल्या काळात शाळेत नसलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्या. कलम ५ नुसार जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आणि कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अडतं ते नववीला. तिथे या कायद्याचं छत्र नसतं, सीबीएसईची बोर्ड-नोंदणी नववीतच होते आणि शाळा आठवीचा निकाल मागतात. परतायचा विचार असेल तर निर्णय सातवी-आठवीतच घ्या.

शाळा सोडताना दाखला हातात आला की काम संपलं असं समजू नका. त्यावर जन्मतारीख, इयत्ता आणि उत्तीर्ण असल्याचा शेरा तपासा, आणि मुलाचा युडायस या सरकारी शाळा-विद्यार्थी नोंदणीवरचा कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन नंबर, लिहून घ्या. सोडून गेलेल्या मुलाची नोंद युडायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, पडून राहते. नव्या शाळेला ती याच क्रमांकावरून ओढून घेता येते. नाहीतर पुन्हा जुन्या शाळेचे उंबरे झिजवणं आलं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी कुणी दारात आलं तर वाद घालू नये, मुलाच्या वह्या आणि आठवड्याचं वेळापत्रक पुढे ठेवावं.

‘मुलं एकलकोंडी होतात.’ होतात, घरात कोंडली तर. मैदान, वाचनालय आणि वेगवेगळ्या वयाची मित्रमंडळी असतील तर नाही. यावर याहून जास्त शाई खर्चायची गरज नाही.

‘मदत नाही.’ पैशांची नाही, हे मान्य. मोफत पुस्तकं नाहीत, पोषण आहार नाही आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच जातो. पण एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप आहे, एनआयओएसच्या अभ्यासकेंद्रांवर संपर्कवर्ग होतात आणि स्वशिक्षण ही घरशाळा करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना आहे. फिरत्या मजकुरात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र कुठेच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्यातच लिहून दिला आहे. त्यांच्यासाठी सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक घरी येऊ शकतो. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडून तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. तोंडी विचारलं तर ‘बघू’ म्हणतात.