अहिल्याबाई, वासरू आणि व्हिडिओतला इतिहास

२०२५ साली अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने इंदूरच्या राजवाड्यात बैठक घेतली, महाराष्ट्रात अहमदनगरचे अहिल्यानगर त्याआधीच झाले होते, आणि मोबाइलवर अहिल्याबाईंच्या व्हिडिओंना पूर आला. त्या पुरात एका मराठी चॅनेलचे भाग मी विशेष लक्ष देऊन पाहिले. पुराणकथा आणि इतिहास मुलांना व मोठ्यांना सोप्या भाषेत शिकवावा, असा या चॅनेलचा उद्देश आहे. इंदुरात वाढून आता टोरांटोजवळ स्थायिक झालेल्या माझ्यासारखीला त्याचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. निवेदकाचे मराठी स्वच्छ आहे, आरडाओरडा नाही, आणि नर्मदेकाठच्या मराठी इतिहासाला पुण्या-साताऱ्याच्या इतिहासाइतकेच महत्त्व देणारे चॅनेल माझ्या पाहण्यात दुसरे नाही. तक्रार आहे ती एवढीच की पुराण, दंतकथा, बखर आणि अस्सल कागद या चारही गोष्टी तिथे एकाच आवाजात आणि सारख्याच ठामपणाने सांगितल्या जातात.

अहिल्याबाईंवरच्या भागात बराच वेळ वासराच्या कथेला दिलेला आहे. ही कथा इंदूरच्या मराठी घरांत सर्वांना पाठ असते. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांच्या रथाखाली वासरू सापडून मेले. अहिल्याबाईंनी सुनेला विचारले की आईच्या डोळ्यांदेखत तिच्या लेकराला मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी. सुनेने तेच मरण त्याला द्यावे असे सांगितले. मग मुलाला बांधून रस्त्यात टाकण्यात आले, सारथी धजेना म्हणून अहिल्याबाई स्वतः रथावर चढल्या, आणि तीच गाय पुन्हा पुन्हा रथाला आडवी आली. राजवाड्याजवळच्या आडा बाजाराचे नाव यावरूनच पडले असे सांगतात. आमच्या घरी आजी ही गोष्ट रंगवून सांगत असे आणि आजोबा हटकून मध्ये बोलत, ‘‘अगं, दरबारच्या एका तरी कागदात हे दाखव.’’ त्यावर आजीचे उत्तर ठरलेले, ‘‘कागदात सगळं लिहून ठेवतात होय?’’ आम्हा मुलांना गोष्टही मिळे आणि शंकाही मिळे. व्हिडिओत मात्र ‘इतिहास साक्षी आहे’ अशी सुरुवात होते आणि साक्ष कोणाची ते शेवटपर्यंत कळत नाही.

हीच कथा माझ्या मुलीने आमच्या शेजारच्या, मूळच्या जाफन्याच्या तमिळ आजींना सांगायला घेतली, तेव्हा त्यांनी तिचा उत्तरार्ध स्वतःच सांगून टाकला. त्यांच्या कथेतला राजा तिरुवारूरचा मनुनीती चोळ. त्याच्या दाराशी न्याय मागणाऱ्यांसाठी घंटा टांगलेली, ती गायीने वाजवली आणि राजाने आपल्या मुलाला रथाखाली घातले. या राजाचा पुतळा मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. श्रीलंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात तीच गोष्ट एळार राजाच्या नावावर आहे, आणि तो ग्रंथ अहिल्याबाईंच्या हजार वर्षांहून अधिक आधीचा आहे. म्हणजे माळव्यातल्या लोकांनी आपल्या राणीला न्यायी राजाची एक फार जुनी कथा बहाल केली. यात अहिल्याबाईंना कमीपणा काहीच नाही. उलट प्रजेच्या मनात त्यांना कोणते स्थान होते याचा याहून बोलका पुरावा मिळणे अवघड. शिकवण्यासारखे होते ते हे, आणि चॅनेलने नेमके हेच गाळले.

मालेरावांचे खरे काय झाले हे सांगायला साधने नाहीत असेही नाही. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, सुभेदारी मालेरावांकडे आली आणि १७६७ मध्ये, वर्षही उलटण्यापूर्वी, ते वारले. महिदपूरच्या लढाईनंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मालेरावांच्या वेडाची हकीकत दिली आहे. त्यांनी संशयावरून एका कशिदा काढणाऱ्या कारागिराला मारले, तो निर्दोष होता असे कळल्यावर त्यांचे भान सुटले, आणि त्याचे भूत अंगात आहे असे समजून अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या भुताची विनवणी करीत राहिल्या. आईनेच मुलाचा काळ ओढवला अशी कुजबूज तेव्हाही होती, आणि ती खोटी असल्याचा निर्वाळा माल्कमने दिलेला आहे. माल्कम इंग्रज सत्तेचा माणूस होता, त्याला ऐकीव माहितीवर विसंबावे लागले, हे सर्व मान्य करूनही आजारी मुलाजवळ बसलेली ही आई मला रथावर चढलेल्या आईपेक्षा कितीतरी जवळची वाटते.

चित्रांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण मुले ऐकण्यापेक्षा पाहतात जास्त. संगणकाकडून काढून घेतलेल्या त्या चित्रांत अहिल्याबाई भरजरी शालू, नथ आणि कपाळभर कुंकू लेवून सिंहासनावर बसलेल्या दिसतात. तिसाव्या वर्षाच्या आगेमागे वैधव्य आलेल्या आणि पुढे जन्मभर पांढऱ्या वस्त्रात राहिलेल्या बाईंचे हे रूप पाहून इंदूरचे कोणीही चपापेल. मागे आजचा सात मजली राजवाडा आहे. वास्तविक त्यांनी राज्य केले ते नर्मदेकाठच्या महेश्वराहून, आणि इंदूरचा वाडा त्यांच्या पश्चात १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने शहर लुटले तेव्हा जळाला व मागाहून पुन्हा उभा राहिला. (स्तुतीने भरलेला एक ग्रंथ बाईंनी ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला, असे माल्कमच सांगतो, या भागाचे त्यांनी काय केले असते कोण जाणे.)

काशी, सोमनाथ, गया येथील बांधकामांची यादी चॅनेलने छान दिली आहे. परंतु एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न त्यांना पडलेलाच नाही. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर लागली. तिचा वसूल सरकारी दौलतीपासून वेगळा राहिला, पुढे तो अहिल्याबाईंकडे आला, आणि त्यांचा धर्मादाय या खासगीतून चाले. अठराव्या शतकातली एक मराठी स्त्री स्वतःच्या हिशेबाची मालकीण होती, ही गोष्ट चमत्कारापेक्षा कमी रंजक नाही. महेश्वरहून पुण्याला जाणारी बातमीपत्रे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी छापून ठेवलेली आहेत. त्यांचाही उल्लेख नाही.

महेश्वरवरचा भाग तर आणखी घसरतो. तिथे पुराणातला राजा सहस्रार्जुन, त्याने हजार हातांनी अडवलेली नर्मदा आणि सहस्रधारेचे आजचे प्रवाह यांची कथा येते, तोवर ठीक आहे. पण लगेच ‘उत्खननाने हे सिद्ध झाले आहे’ असे वाक्य येते. महेश्वर आणि समोरच्या तीरावरील नावडाटोली येथे १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले हे खरे. तिथे सापडली ती ताम्रपाषाण काळातील शेतकऱ्यांची वस्ती: गोल आणि चौकोनी झोपड्या, जळलेले धान्य, लाल मडक्यांवर काळी नक्षी. सहस्रार्जुन तिथे सापडलेला नाही. प्राचीन माहिष्मती म्हणजे महेश्वर की ओंकारेश्वरचे मांधाता, याविषयीही अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत. हे सांगितल्याने पुराणाचे काही बिघडत नाही. त्याला कुदळीचे प्रमाणपत्र नकोच आहे.

इंदूरच्या आप्तांपाशी हे बोलले की उत्तर येते, ‘‘तुम्ही तिकडे बसून आमच्या श्रद्धेला नाके मुरडता.’’ मला ते उलट दिसते. या चॅनेलला सर्वांत भरभरून दाद देणारे आम्ही परदेशस्थच आहोत. इंदुरात मुलाने व्हिडिओ पाहिला तरी अहिल्योत्सवाची पालखी त्याच्यासमोरून जाते, महेश्वर दोन-अडीच तासांवर असते, आणि हुज्जत घालायला घरात एखादे आजोबा असतात. इथे आमच्या मराठी शाळेत शनिवारी तो व्हिडिओ लावला की मुलांच्या दृष्टीने विषय संपला. त्याला आडवे जाणारे दुसरे वडीलधारे माणूस नसते, आणि आम्हा पालकांना मुले मराठी ऐकताहेत याचेच एवढे समाधान असते की काय ऐकताहेत हे विचारायचे राहून जाते.

इथे सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. टोरांटोत एकोणिसाव्या शतकातले शिक्षणाधिकारी एगर्टन रायर्सन यांचा पुतळा जून २०२१ मध्ये जमावाने पाडला आणि २०२२ मध्ये त्यांच्या नावाचे विद्यापीठ टोरांटो मेट्रोपॉलिटन झाले. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांमागे त्यांचा किती हात होता, यावर लोक आजही भांडतात. पुतळा पाडणे मला रुचले नाही. पण त्या भांडणात रायर्सन यांनी १८४७ साली लिहिलेला अहवाल दोन्ही बाजू समोर ठेवत होत्या, त्यातली वाक्ये काढून दाखवत होत्या. आपल्याकडे वाद सुरू होतो तोच मुळी आदर आणि अपमान यांच्यापासून. कागदापर्यंत पोचायला कोणाला सवड नसते, आणि व्हिडिओवाल्यांना तर नसतेच.

चॅनेलने यशवंतराव होळकरांवर पुढचा भाग जाहीर केला आहे. भानपुऱ्यातले अखेरचे दिवस, इंग्रजांना दिलेली झुंज, हे सगळे रंगणार यात शंका नाही. मी वाट पाहते आहे ती २५ ऑक्टोबर १८०२ ची: हडपसरच्या लढाईत शिंदे आणि पेशव्यांचा पराभव करून यशवंतराव पुण्यात आले, आणि नंतर पुणेकरांकडून जी सक्तीची वसुली झाली ती इंदूरच्या व पुण्याच्या मराठी माणसांनी वेगवेगळी लक्षात ठेवली आहे. दोन्हींकडचे प्रेक्षक एकाच चॅनेलला असल्यामुळे तिथे ‘इतिहास साक्षी आहे’ एवढ्यावर निवेदकाची सुटका होणार नाही.