कुकडी बघायची तर उन्हाळ्यातच

'यंदा सुट्टीत कुठे?' या प्रश्नाला 'निघोजला' असं उत्तर दिलं की समोरच्याला वाटतं, यांचं कुठलं तरी बुकिंग हुकलेलं दिसतंय. तसं काही नाही. पुण्याच्या माणसानं एकदा तरी भर उन्हाळ्यात निघोजला, कुकडी नदीकाठी जावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. पावसाळ्यात पाणी चढलं की जे बघायचं, ते नदीनं खडकात कोरलेले खोल खळगेच बुडून जातात.

आईला आणि लेकीला घेऊन पहाटे पाचला निघालो. उजाडायच्या आत वाघोली मागे टाकली, रांजणगावच्या महागणपतीला हात जोडले आणि शिरूरहून आत वळलो. ऊन चढायच्या आत निघोजच्या कुंडावर पोचायलाच हवं. दहानंतर तो काळा दगड असा तापतो की हात टेकवत नाही.

निघोजला नदीनं बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरलेत. पुरात दगडगोटे भोवऱ्यात सापडतात, एकाच जागी गरगरत राहतात आणि खालचा खडक घासत खोल करत जातात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक, पण आतून हात फिरवला तर घोटलेल्या पाटीसारखा गुळगुळीत लागतो. एका कोरड्या खळग्याच्या तळाशी चार गोटे दिसले, लिंबाएवढे, गोल गरगरीत. तो खळगा कोरणारी हत्यारंच ती!

लेकीनं विचारलं, "रांजण म्हणजे काय गं आजी?" आई तिथेच सावलीला बसली आणि तिच्या माहेरच्या पडवीतला, अर्धा जमिनीत पुरलेला रांजण, त्यातलं गार पाणी, तळ गाठायला लागणारा लांब दांड्याचा ओगराळा असं सगळं सांगत राहिली. मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते.

काठ निसरडे आहेत, डोह खोल आहेत. सेल्फीसाठी कडेला जाऊ नका, पोरांचा हात सोडू नका. आणि चिप्सची पाकिटं घरी परत न्या. त्या सुंदर खळग्यांत बाटल्या तरंगताना बघून जीव तुटतो.

येताना रसवंतीवर थांबलो. लेकीनं मोबाइलवर नकाशा उघडून कुकडी उलटी वर शोधत नेली: बोरी, जुन्नर, थेट नाणेघाटाजवळचं पूर नावाचं गाव, कुकडेश्वराचं देऊळ. बोरीला नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे म्हटल्यावर तिचा ग्लास तसाच राहिला. येत्या रविवारी बोरी. पाऊस लागायच्या आत पूर गाठायचंय.