धोका पत्करणाऱ्याची सही

सुरक्षावाल्याचं आयटीत एकच काम असतं, असं बाकीच्या ऑफिसचं ठाम मत आहे: नाही म्हणणं. पगार मात्र 'हो' म्हणणाऱ्यांनी आणलेल्या धंद्यातून निघतो. त्यामुळे माझं 'नाही' फार तर एका मीटिंगपुरतं टिकतं.

पॅचचंच घ्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्तीचं. सर्व्हर अर्धा तास बंद ठेवू द्या म्हटलं, की नेमकी महिनाअखेर असते. ती सरली की तिमाही. तीही सरली की, "आत्ता कुठे सुरळीत चाललंय, कशाला हात लावतोस?" मग मी वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची कथा लावतो. मायक्रोसॉफ्टने पॅच दिला मार्च २०१७ मध्ये, हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांची महिनाअखेर संपलीच नाही, त्यांच्यातल्या अनेकांच्या स्क्रीनवर खंडणीची पाटी झळकली. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांना ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. लोक क्षणभर गंभीर होतात.

पण हल्ली साहेबांकडेही एक कथा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या, म्हणजे सुरक्षेच्याच सॉफ्टवेअरच्या, सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली, विमानं खोळंबली. "चोर राहिला बाजूला, वॉचमननेच आतून कडी लावली!" इति साहेब. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तोवर कॉल संपला होता.

आणि खरं सांगायचं तर आमची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. ठरावीक मुदतीने उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं. आमचा नियम तरीही जिवंत आहे, कारण ऑडिटरच्या यादीत तो आहे. अकाउंट्समधल्या मॅडमच्या कीबोर्डखाली पिवळी चिठ्ठी आहे. पासवर्ड तोच, शेवटचा आकडा तेवढा खोडून दर वेळी एकाने वाढवलेला.

या शुक्रवारी संध्याकाळी साहेबांना ३३८९ पोर्ट उघडून हवं होतं. म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ऑफिसचं मशीन दुरून चालवायची सोय, थेट इंटरनेटवर, कुणालाही दार ठोठावता येईल अशी.

"साहेब, व्हीपीएनच्या सुरक्षित बोगद्यातून या ना."

"क्लायंटला जमत नाही."

"त्यांचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता द्या, तेवढ्यालाच परवानगी देतो."

"तो रोज बदलतो. धंदा बंद करायचाय का तुला?"

मी जोखीम स्वीकृतीचा अर्ज पुढे केला. कारण, परिणाम, गरज... साहेबांनी झरझर भरलं. 'गरज' या रकान्यात तर जागा पुरेना. शेवटच्या 'धोका पत्करणाऱ्याची सही'पाशी पेन थबकलं.

"तूच कर ना. तुला यातलं कळतं."

"म्हणूनच करत नाही, साहेब."

बरीच घासाघीस झाली, दोन वरिष्ठांना फोन झाले, दोघेही 'ड्रायव्हिंग करतोय' म्हणाले. अखेर साहेबांनी सही ठोकली. मुदतीपुढे मी 'सोमवार सकाळपर्यंत' लिहिलं होतं. त्यांनी त्यापुढे बारीक अक्षरात जोडलं: 'किंवा क्लायंट म्हणेल तोपर्यंत.'