हे कोसबाडला झालंय की!

मुलांना उघड्यावर, ज्याच्या त्याच्या गतीने शिकवणाऱ्या शाळांवरचा लेख आवडला. पण ही कल्पना डेन्मार्कहून आपल्याकडे आली, हा त्यातला सूर पटला नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्याच. तिथली आदिवासी पोरं दिवसभर गुरं राखायची, शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा! एकीकडे गुरं चरतायत, एकीकडे खडे, बिया, पानं घेऊन मोजणी चाललीय.

आता हेच शहराबाहेरच्या फार्महाउसवर भरमसाट फी घेऊन चालतं. चालू दे, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर पाठवावं. मला खटकलं ते वेगळंच. एका शिक्षकामागे मुलं किती, हे लेखात कुठेच नाही. तीस मुलं एकाच्या हवाली केली तर वैयक्तिक लक्ष कसलं डोंबलाचं, ती नुसती सहल. आणि जून ते सप्टेंबर काय करतात? विंचू-सापांचं काय? पुढच्या भागात लेखिकेने यावर जरा सविस्तर लिहावं, ही विनंती.