आदराने बोला म्हणे

काल चुलत भावाकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ आईनेच केली, कैऱ्या किसून बोटं आंबली तिची. बायका आल्या, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या, आणि आई आत मोरीपाशी पन्ह्याचे ग्लास विसळत राहिली. आज सकाळी भाचीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच विचारलं, ‘आजीला कुंकू का नाही लावलं?’ शेवटी हात जोडल्याची खूणसुद्धा होती हो! दहा मिनिटांत काकांचा मेसेज : ‘प्रश्न विचारा, पण आदराने. श्रद्धेचा विषय आहे.’ आणि ग्रुप ‘फक्त ॲडमिन’.

यात अनादर कुठे होता, कोणी दाखवेल का?

मला पुण्यातला ओंकारेश्वरचा घाट आठवला. बाबांचा दहावा. पिंड ठेवला, कावळा शिवेना. अर्धा तास गेला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. आत्या आईला म्हणाली, ‘वहिनी, तुम्हीच काहीतरी कबूल करा.’ आई झाडाकडे बघत हात जोडून पुटपुटत होती, ‘मुलांचं नीट करीन, वन्संना अंतर देणार नाही.’ मी म्हटलं, कावळ्यांची पोटं भरलीयेत, सकाळपासून किती पिंड झाले बघा. आवाजसुद्धा चढवला नव्हता. तरी सगळे माझ्यावरच : ‘ही वेळ आहे का?’

मग वेळ कधी असते? घाटाशेजारच्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. इतकं शांत, सभ्य बोलणारा माणूस! देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे, हे घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम निघाला ते गेल्यावर, आठवडा उलटायच्या आत. आगरकरांची तर याच पुण्याने जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. भाषा सांभाळून काय मिळालं?

वारीला निघालेल्या म्हातारीला अडाणी म्हणून हसणारे दीडशहाणे माझ्याही डोक्यात जातात. घाटावर मी तासाभराने बोललो असतो तरी चाललं असतं, तेही मान्य. पण माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याच्या प्रत्येक समजुतीपुढे मान तुकवायची? कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. आणि आम्ही कोथरूडचे पदवीधर ग्रुप बंद करतो.

काका वाईट नाहीत. बाबांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री त्यांनीच काढल्या. म्हणूनच जास्त लागतं.

त्या दिवशी शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. झालं, सगळे चहाला मोकळे. आई मात्र रिक्षात म्हणाली, ‘त्यांचं खरंच काही राहून गेलं असेल का रे?’ नऊ वर्षं झाली, अजून मधूनच विचारते.

आत्ता जेवताना म्हणाली, ‘आज ग्रुपवर कोणी काही लिहीत कसं नाही? बघ जरा.’

नेट गेलंय म्हणालो.