‘घोडा घ्या आणि निवांत बसा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रेसच्या घोड्यात पैसे घाला, असा सल्ला देणारा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. परवा तो माझ्या मेव्हण्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘निवृत्तीचे पैसे आलेच आहेत, घेऊ का एक?’ म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेज म्हणतो: 2009 सालचा केंटकी डर्बी (अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली शर्यत) विजेता फक्त 9,500 डॉलरला मिळाला होता, तसा एखादा तुम्हीही शोधा. घोडा घेतला की पुढे खर्च फक्त चंदी-वैरणीचा. आठवड्याला एक शर्यत धरली तर वर्षात पैसे वसूल. खानदान चांगलं असेल तर धोका नाही. हरला तरी स्टडवर (पैदाशीसाठी) पाठवा, जन्मभर कमाई. आणि एवढंही झेपत नसेल तर हिस्सा घ्या, जबाबदारी शून्य.

आधी स्टडचं बघू, कारण लोक भुलतात ते यालाच. मेसेजमधला तो डर्बी विजेता म्हणजे माइन दॅट बर्ड. तो खच्ची केलेला घोडा होता! त्याची स्टडची कमाई किती असणार, हे मेसेज लिहिणाऱ्याने कुणाला तरी विचारायचं होतं. बरं, 9,500 डॉलर ही 2007 सालच्या लिलावातली, तो वर्षाचं शिंगरू असतानाची किंमत. डर्बी जिंकताना ज्यांच्या मालकीचा होता, त्यांनी त्याच्यासाठी 4 लाख डॉलर मोजले होते, कारण मधल्या काळात तो कॅनडात दोन वर्षांच्या घोड्यांमध्ये चॅम्पियन ठरला होता. आणि डर्बीनंतर तो एकही शर्यत जिंकला नाही. स्वतःच दिलेलं उदाहरण स्वतःचेच दोन दावे खोडून काढतं, हे मात्र मानलं पाहिजे.

नर घोडे खच्ची करण्यामागे कारणं असतात. काही नर माद्यांच्या मागे लागतात, कामात लक्ष देत नाहीत, सईसाला आवरत नाहीत; खच्ची केल्यावर तोच घोडा शांतपणे पळतो आणि अनेकदा जास्त वर्षं पळतो. ट्रेनरने तसं सुचवलं तर ते बहुधा बरोबरच असतं. खच्ची न केलेला असला तरी स्टडची कमाई सोपी नाही, कारण थरोब्रेडमध्ये (रेसच्या घोड्यांची जात) कृत्रिम रेतन चालत नाही. प्रत्यक्ष संयोगातून जन्मलेलं शिंगरूच स्टड बुकात (जातीच्या अधिकृत नोंदवहीत) नोंदलं जातं. म्हणजे घोडीच्या मालकाने आपली घोडी तुमच्या घोड्यापर्यंत आणायची, अकरा महिने सांभाळायची, आणि शिंगरू पळण्याजोगं व्हायला पुढे दोन वर्षं थांबायचं. एवढं सगळं तो मोठ्या शर्यती जिंकलेल्या घोड्यासाठी करेल, मेडनमध्ये (एकदाही न जिंकलेल्या घोड्यांच्या शर्यतीत) सातव्या आलेल्यासाठी कशाला करेल? मोठा विजेता असूनही भरवसा नाहीच. सलग 16 शर्यती जिंकलेला सिगार स्टडवर गेला आणि वांझ निघाला.

आता तो आठवड्याला एक शर्यतवाला हिशोब. हा नुसता चुकीचा नाही, घोड्याच्या जिवावर उठणारा आहे. शर्यतीत स्नायूंमधला साठा रिकामा होतो, तो भरायलाच दोन-तीन दिवस जातात. हाडाला आणि स्नायुबंधाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दोन शर्यतींत साधारण तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवतात ते त्यासाठी. दोन वर्षांच्या घोड्याचं नळीचं हाड (पायाचं गुडघ्याखालचं लांब हाड) अजून घडत असतं. भार झेपला नाही की नळीच्या पुढच्या बाजूला सूज आणि दुखणं सुरू होतं. तेव्हा थांबलं तर काही आठवड्यांत सुटका होते, न थांबता पळवलं तर बारीक तडे जातात आणि कधी भर शर्यतीत हाड मोडतं. नळीमागचा स्नायुबंध फाटला तर नऊ महिने ते वर्षभर घोडा बसून, आणि बरा झाला तरी तीच जागा पुन्हा जाण्याची भीती कायम. या सगळ्या काळात तबेल्याचं बिल चालूच असतं.

बिलात असतं काय? ट्रेनरचा जो रोजचा दर असतो त्यात सहसा चंदी-वैरण, सईस, रोजचा व्यायाम एवढंच येतं. दर चार-सहा आठवड्यांनी नालबंद, डॉक्टर, दात घासणं, वाहतूक, शर्यतीची प्रवेश फी, जॉकीची फी आणि विमा हे वेगळं. बक्षीस मिळालं तर त्यातून ट्रेनर आणि जॉकीचा वाटा जातो, बऱ्याच ठिकाणी जिंकल्यावर दोघांचे मिळून वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून घोडा शोधण्याआधी ट्रेनर शोधा, दरात काय धरलंय आणि काय नाही ते लिहून घ्या, आणि खरेदीच्या रकमेशिवाय किमान दीड वर्षाचा खर्च बाजूला असेल तरच पुढे जा. वर्षाचं शिंगरू घेणार असाल तर त्याला स्वार घेण्याची सवय लावून शर्यतीला उभं करेपर्यंत कमाई शून्य.

खानदानाबद्दल थोडक्यात. 2006 मध्ये द ग्रीन मंकी नावाचा घोडा 1 कोटी 60 लाख डॉलरला विकला गेला. आईचे वडील डर्बी विजेते अनब्रायडल्ड, आणि विक्रीआधी त्याने एक फर्लांग (सुमारे 200 मीटर) 9.8 सेकंदांत मारला होता. तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही, एकूण कमाई 10,440 डॉलर. खानदान बघायचंच, पण त्यासोबत डॉक्टरकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्या (डावीकडची स्वरपट्टी नीट उघडत नसेल तर घोडा वेगात घोरतो आणि दम तुटतो), गुडघे आणि गामचीचे (खुराच्या वरचा सांधा) एक्स-रे बघा, हृदयाचे ठोके ऐकवा, आणि घोडा सरळ चालवून पुढून-मागून पाहा. हा डॉक्टर विकणाऱ्याचा नको.

हिश्शाबाबत अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य. मालक व्हायला गडगंज असावं लागत नाही. 2003 ची डर्बी जिंकणारा फनी साइड शाळेपासूनच्या मित्रांच्या गटाचा होता (तोही खच्ची केलेलाच). पण जबाबदारी शून्य? हिस्सा जितका, तितकं दरमहा बिल. ते थकलं तर हिस्सा जप्त होण्याची अट अनेक करारांत असते. सही करण्याआधी चार गोष्टी वाचा: घोडा प्रत्यक्षात कितीला घेतला आणि हिस्से मिळून कितीला विकले, विकायचं की थांबवायचं हे कोण ठरवणार, विम्याचे पैसे कुणाला मिळणार, आणि पळणं संपल्यावर घोड्याला कोण सांभाळणार. थरोब्रेड पंचविशीपर्यंत जगू शकतो आणि शर्यतीतून बहुतेक घोडे त्याच्या खूपच आधी बाहेर पडतात, त्यामुळे करारात हे शेवटचं कलम नसेल तर आधी ते घालून घ्या, मगच सही करा.